‘बीएसओ’ म्हणजे काय हे मला कोणी सांगितलंच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत पाळी जाण्याच्या वयावर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला. लेख चांगलाच होता, घाबरू नका, हा निसर्गाचा टप्पा आहे, चार-पाच वर्षांत शरीर हळूहळू जुळवून घेतं, व्यायाम करा, मन प्रसन्न ठेवा वगैरे. सगळं खरं आहे, पण ज्यांची पाळी निसर्गाने नाही तर ऑपरेशनने गेली त्यांच्याबद्दल अख्ख्या पानभर लेखात एक ओळ नाही. आमच्या बाबतीत ‘हळूहळू’ नावाचा प्रकारच नसतो हो. सकाळी ऑपरेशन थिएटरमध्ये जाताना पाळी चालू असलेली बाई आणि संध्याकाळी शुद्धीवर येते ती पाळी गेलेली बाई, मधली ती चार-पाच वर्षं दोन-तीन तासांत उरकलेली. म्हणून हे पत्र, आणि जरा लांबणार आहे, तुम्हाला कापावं लागलं तर कापा पण डिस्चार्ज कार्डाबद्दलचा भाग तेवढा ठेवा.

माझं ऑपरेशन ४१ व्या वर्षी झालं. एंडोमेट्रिओसिस होता, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाच्या बाहेर वाढतं तो आजार, दोन्ही ओव्हरींवर (बीजकोशांवर) चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेल्या गाठी, पाळीचे ते चार-पाच दिवस मी अक्षरशः जमिनीवर लोळून काढायचे, गोळ्या, इंजेक्शनं, आधीचं एक दुर्बिणीतून केलेलं ऑपरेशन, सगळं करून झालं होतं. त्यामुळे ‘आता काढून टाकू’ असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला सुटल्यासारखंच वाटलं. आणि हे आधीच सांगते की ऑपरेशन चुकीचं होतं असं माझं म्हणणं नाही, सर्जनचा हात चांगला होता, ते दुखणं गेलं ते गेलंच. फॉर्मवर लिहिलं होतं ‘टीएएच बीएसओ’. मी विचारलं हे काय, तर सिस्टर म्हणाली पिशवी काढायचं ऑपरेशन, इथे सही करा. मी केली. टीएएच म्हणजे पोटावर छेद घेऊन गर्भाशय काढणं आणि बीएसओ म्हणजे दोन्ही बाजूच्या नळ्या आणि दोन्ही ओव्हरी काढणं, हे मला कळलं सात महिन्यांनी. आपल्याकडे सगळ्यालाच ‘पिशवी काढली’ म्हणतात ना, तिथेच सगळा घोळ आहे. नुसती पिशवी काढली तर पाळी येत नाही एवढंच, ओव्हरी आपलं काम करत राहतात, फार तर काही वर्षं आधी थकतात. एक ओव्हरी ठेवली तरी सहसा भागतं. पण दोन्ही काढल्या की इस्ट्रोजेन, म्हणजे ओव्हरीत बनणारं बायकांचं मुख्य हॉर्मोन, एक-दोन दिवसांत तळाला जातं, आणि सोबत टेस्टोस्टेरॉनही साधारण निम्म्यावर येतं, तेही बायकांच्या अंगात असतं आणि बरंचसं ओव्हरीतूनच येतं हेही मला ४१ वर्षं माहीत नव्हतं.

डिस्चार्ज कार्ड माझ्याकडे अजून आहे. त्यावर काय लिहिलंय सांगते. टाके कधी काढायचे ती तारीख, सहा आठवडे वजन उचलू नये, जिना जपून, अँटिबायोटिक पाच दिवस, पेनकिलर लागेल तशी, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं तर दाखवावे. बास. एका बाईच्या शरीरातला मुख्य हॉर्मोन बनवणारा अवयव काढून घरी पाठवताना त्या हॉर्मोनचं पुढे काय करायचं याबद्दल एक अक्षर नाही. थायरॉइडची ग्रंथी काढली तर पेशंटला थायरॉक्सिनची गोळी लिहून न देता घरी पाठवणारा डॉक्टर मला दाखवा. मग आम्हीच काय घोडं मारलंय?

घरी आल्यावर चौथ्या रात्री पहिल्यांदा झालं. झोपेतून एकदम जाग आली, छातीपासून वर मानेपर्यंत, चेहऱ्यापर्यंत कोणीतरी गरम वाफ सोडल्यासारखं, आणि मग दरदरून घाम, गाऊन भिजला, उशी भिजली, दोन मिनिटांत तीच मी थंडीने कुडकुडत पांघरूण शोधतेय. कार्डावर ताप आला तर दाखवा असं होतं म्हणून थर्मामीटर लावला, ९८.४. नवऱ्याने रात्री दीडला हॉस्पिटलला फोन लावला, तिकडून सांगितलं जखम बघा, लाल नाही ना, मग पॅरासिटामॉल द्या. दिली. रात्रीत अजून तीनदा झालं. मेंदूमध्ये शरीराचं तापमान सांभाळणारी जी जागा आहे ती इस्ट्रोजेन गेलं की हळवी होते, जरा कुठे अर्धा डिग्री फरक पडला की तिला वाटतं आग लागली, आणि ती घाम सोडून ती विझवायला धावते, हे आता मला माहितीये. तेव्हा मला वाटलं पोटात पू झालाय आणि मी मरणार.

पुढचे सहा महिने मी सविस्तर लिहीत नाही, माझी फाईल बघितली की कळेल. छातीत धडधडतंय म्हणून ईसीजी आणि टू-डी इको, नॉर्मल. सकाळी बोटं आखडतात, गुडघे, खांदे धरतात म्हणून हाडांचे डॉक्टर, त्यांनी व्हिटॅमिन डी दिलं. डोळे कोरडे, थेंब दिले. लघवीला जळजळ, तीन महिन्यांत दोनदा अँटिबायोटिक. झोप नाही, कारण नसताना रडू यायचं, ऑफिसच्या मीटिंगमध्ये साधा रोजचा शब्द आठवेना, ‘स्टेपलर’ म्हणायचंय आणि मी हाताने टकटक करून दाखवतेय, सगळे हसले, मीही हसले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी एक गोळी दिली आणि त्या गोळीने वाफा जरा कमी झाल्या! तेव्हा कळलं नाही का, पण डिप्रेशनच्या त्या जातीच्या काही गोळ्या हॉट फ्लॅशवर, म्हणजे या वाफांवर, खरंच काम करतात, ज्यांना हॉर्मोन चालत नाहीत त्यांना मुद्दाम देतातही. म्हणजे चुकून बाण लागला. पाच डॉक्टर झाले, सगळे आपापल्या जागी बरोबर होते आणि त्यातल्या एकानेही विचारलं नाही की बाई तुमच्या ओव्हरी आहेत की काढल्या.

ऑपरेशन केलेल्या सर्जनकडे दोनदा गेले. ते म्हणाले, होतं असं, बॉडीला सवय होईल, सहा महिने द्या. तिसऱ्यांदा गेले तेव्हा म्हणाले, तुम्ही फार विचार करता. घरातही तसंच, कोणी रागावून नाही पण, आई म्हणाली आमची नाही का गेली पाळी, आम्ही कुठे एवढं केलं. तिची गेली ५१ व्या वर्षी, आपली आपण. मी तिच्याहून दहा वर्षं आधी, एका दिवसात. तुलनाच नाही, पण हे समजावून सांगायला माझ्याकडेच तेव्हा शब्द नव्हते.

सात महिन्यांनी एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून एका गायनॅककडे गेले, आठवड्यातले दोन दिवस त्या फक्त मेनोपॉजचे, म्हणजे पाळी जाण्याच्या त्रासाचे, पेशंट बघतात. खुर्चीत बसले, मी नेहमीसारखी वाफांपासून सुरुवात करणार तर त्यांनी हात वर करून थांबवलं आणि पहिला प्रश्न विचारला, ऑपरेशनमध्ये ओव्हरी ठेवल्या का? मी म्हटलं पिशवी काढलीये. त्या म्हणाल्या ते कळलं, ओव्हरी? मला सांगता येईना. मग म्हणाल्या, तपासणीला पाठवलेल्या तुकड्यांचा रिपोर्ट आहे का, त्यात सगळं लिहिलेलं असतं. ही गोष्ट प्रत्येकीने लक्षात ठेवावी म्हणून मुद्दाम लिहितेय. हॉस्पिटलमधून काढलेला अवयव पॅथॉलॉजीला जातो आणि त्या हिस्टोपॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये गर्भाशय एवढं बाय एवढं, उजवी ओव्हरी एवढी, डावी एवढी अशी यादीच असते. ज्यांना वर्षानुवर्षं माहीत नाही आपलं नक्की काय काढलं त्यांनी तो कागद शोधावा, नसला तर हॉस्पिटलच्या रेकॉर्डमधून मागावा. माझ्या रिपोर्टमध्ये दोन्ही होत्या. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, मग सात महिने तुम्ही इस्ट्रोजेनशिवाय कशा राहिलात? एवढंच. मी तिथे जी रडले ती रडलेच, कारण सात महिन्यांत पहिल्यांदा कोणाला तरी वाटलं होतं की मी काहीतरी सहन केलंय.

आता हॉर्मोनबद्दल. एचआरटी, म्हणजे कमी पडलेले हॉर्मोन बाहेरून देण्याचा उपचार, म्हटलं की शेजारीपाजारी, नातेवाईक, केमिस्टसुद्धा एकच शब्द बोलतात, कॅन्सर. मीही घाबरले, दोन आठवडे प्रिस्क्रिप्शन पर्समध्ये घेऊन फिरले. या भीतीला एक तारीख आहे, जुलै २००२. अमेरिकेत ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ नावाचा मोठा अभ्यास चालू होता, त्यातला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं दुसरं हॉर्मोन) दोन्ही घेणाऱ्या बायकांचा भाग तेव्हा थांबवला आणि जगभर बातमी झाली की हॉर्मोनने ब्रेस्ट कॅन्सर होतो. एका रात्रीत बायकांनी गोळ्या फेकल्या, डॉक्टरांनी लिहायचं सोडलं. आकडा काय होता ते फार कमी जणांनी बघितलं. हॉर्मोन न घेणाऱ्या १०,००० बायकांमागे वर्षाला ३० जणींना ब्रेस्ट कॅन्सर, घेणाऱ्यांमध्ये ३८. आठ जास्त. आठ म्हणजे काही नाही असं मी म्हणणार नाही, ज्या आठ जणींना झाला त्यांना विचारा. पण त्या अभ्यासातल्या बायका ५० ते ७९ वयाच्या होत्या, सरासरी वय ६३, म्हणजे बऱ्याच जणींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झाल्यावर हॉर्मोन सुरू केलेले. ४१ व्या वर्षी ओव्हरी काढलेल्या बाईला तो हिशोब लावायचा म्हणजे आजीच्या चष्म्याचा नंबर नातीला लावण्यासारखं झालं. आणि त्याच अभ्यासाचा दुसरा भाग, ज्यांची पिशवी काढलेली होती आणि ज्या फक्त इस्ट्रोजेन घेत होत्या त्यांचा, तो २००४ मध्ये थांबवला, स्ट्रोकचं प्रमाण वाढलं म्हणून. त्या बायकांमध्ये ब्रेस्ट कॅन्सर वाढला नव्हता, आणि नंतर अनेक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवून २०२० मध्ये जे प्रसिद्ध झालं त्यात तर त्यांच्यात तो कमीच दिसला. याची बातमी कुठल्या पेपरात पहिल्या पानावर आली होती का हो? तुम्हालाच विचारते.

दुसरी बाजूही आहे, जी मला त्या डॉक्टरबाईंनी सांगितली. कमी वयात ओव्हरी गेल्यावर इस्ट्रोजेन न घेणं म्हणजे ‘काही न करणं’ नाही, त्याचेही परिणाम असतात, फक्त ते हळू आणि गुपचूप होतात. हाडं विरळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या हॉस्पिटलच्या संशोधकांनी २००६ आणि २००७ मध्ये जे मांडलं त्यात ४५ च्या आधी दोन्ही ओव्हरी काढलेल्या आणि इस्ट्रोजेन न घेतलेल्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त होतं, आणि पाळी जायच्या आधी ओव्हरी काढलेल्यांमध्ये पुढे जाऊन स्मरणशक्तीचे त्रास, डिमेन्शिया जास्त दिसला, पण ज्यांनी निदान पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन घेतलं त्यांच्यात ती वाढ दिसली नाही. म्हणून आता बहुतेक गाइडलाइन्स सांगतात की मनाई करण्यासारखं कारण नसेल तर अशा बाईने पाळी जायच्या नैसर्गिक वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नास-एक्कावन्नपर्यंत तरी हॉर्मोन घ्यावेत. यात वरून काही जास्तीचं नाही घेत आपण, जे शरीरात त्या वयाला असायलाच हवं होतं तेच परत भरतो. हे एक वाक्य ऐकल्यावर माझी भीती अर्धी गेली.

मला जेल दिलं. गोळीतलं इस्ट्रोजेन आधी लिव्हरमधून जातं आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका थोडा वाढवतं, पॅच किंवा जेल त्वचेतून जातं म्हणून तो धोका वाढलेला दिसत नाही, मला मायग्रेन आहे म्हणूनही जेलच बरं असं त्या म्हणाल्या. पहिल्या डोसने वाफा दिवसाला पंधरा-वीसवरून सहा-सातवर आल्या. मी खूश, मला वाटलं एवढंच मिळणार. तीन महिन्यांनी बोलावलं होतं तेव्हा त्या म्हणाल्या सहा-सात कशाला सहन करताय, कमी वयाच्या बायकांना पन्नाशीच्या बायकांपेक्षा जास्त डोस लागतो, आणि वाढवून दिला. मग झोप लागली, ‘स्टेपलर’ परत आला. पिशवी नसेल तर प्रोजेस्टेरॉनची गरज सहसा नसते कारण ते गर्भाशयाच्या अस्तराला सांभाळण्यासाठीच देतात, पण माझा एंडोमेट्रिओसिस इतका पसरलेला होता की पोटात कुठे कण उरले असतील तर एकट्या इस्ट्रोजेनने ते परत डोकं वर काढतील म्हणून मला तेही सोबत दिलंय. म्हणजे मैत्रिणीचं प्रिस्क्रिप्शन मैत्रिणीचं, माझं माझं. मला जेल लागू पडलं म्हणून कोणी माझं नाव सांगून केमिस्टकडून आणू नका प्लीज.

आणि ज्यांना हॉर्मोन चालतच नाहीत, म्हणजे स्वतःला ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय वगैरे, त्यांना तर कोणी वालीच नाही असं वाटतं, तसं नाहीये. वर सांगितलं त्या डिप्रेशनच्या गोळ्यांपैकी काही, मात्र ब्रेस्ट कॅन्सरसाठीची टॅमॉक्सिफेन ही गोळी चालू असेल तर त्यातल्या सगळ्या चालत नाहीत हे डॉक्टरला आवर्जून विचारायचं, गॅबापेंटिन रात्रीच्या घामासाठी, आणि मेंदूतल्या त्या तापमानाच्या जागेवरच काम करणारं फेझोलिनेटंट नावाचं बिगर-हॉर्मोनचं औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालंय, त्यात लिव्हरच्या तपासण्या कराव्या लागतात. सीबीटी नावाची समुपदेशनाची पद्धतही वाफांचा त्रास सुसह्य करते असं दिसलंय. ‘तुम्हाला हॉर्मोन देता येत नाहीत’ हे वाक्य ठीक आहे, पण डॉक्टरचं बोलणं तिथेच संपत असेल तर दुसरा डॉक्टर बघा.

एक विषय कोणी बोलत नाही तो लिहूनच टाकते, छापायचं की नाही तुम्ही ठरवा. खालची जागा कोरडी पडते. बसताना टोचतं, लघवीचं इन्फेक्शन परत परत होतं, आणि नवऱ्याजवळ जाणं म्हणजे शिक्षा वाटायला लागते. इच्छाही जाते, ते वेगळंच. मी वर्षभर कामाचा थकवा सांगून वेळ मारून नेली, त्यालाही वाटलं मी दूर जातेय, आणि दोघं गप्प. डॉक्टरबाईंनी सरळ विचारलं म्हणून मी सांगितलं, नाहीतर मी स्वतःहून जन्मात बोलले नसते. त्या जागी लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं, अगदी कमी डोस असतो, रक्तात जवळजवळ जात नाही, आणि अंगाला जेल लावत असलात तरी काही जणींना ते वेगळं लागतं. फरक पडायला काही आठवडे गेले पण लघवीचं इन्फेक्शन थांबलं ते थांबलंच. इन्फेक्शनसाठी घेतलेली ती सगळी अँटिबायोटिक आठवली की आता चीड येते.

चांगला डॉक्टर कसा ओळखायचा असं मला आता बायका विचारतात, ऑफिसमधल्या, नात्यातल्या, एकीने तर लिफ्टमध्ये विचारलं. मी काय सांगणार, मी काही डॉक्टर नाही, पण माझ्या अनुभवावरून सांगते की पाटीवरच्या डिग्र्या मोजण्यापेक्षा तो काय विचारतो ते बघा. ओव्हरी कुठल्या वयाला आणि का काढल्या हे विचारतो का, घरात कोणाला ब्रेस्टचा किंवा ओव्हरीचा कॅन्सर, पायात गुठळी, स्ट्रोक झालाय का हे विचारतो का, हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करूया म्हणतो का, औषध सुरू करून तीनेक महिन्यांनी परत बोलावतो का. उलट दोन्ही ओव्हरी काढलेल्या बाईला ‘मेनोपॉज आलाय का बघायला’ एफएसएच ही हॉर्मोनची रक्ततपासणी करायला सांगितली तर मला तरी शंका येते, ओव्हरीच नाहीत तर त्यात बघायचं काय. त्वचेखाली बसवायच्या, खास तुमच्यासाठी बनवलेल्या ‘नॅचरल’ हॉर्मोनच्या पेलेट्स विकायला कोणी बसला असेल तर उठून या, त्यातला डोस ठरल्याप्रमाणे मिळेलच याची खात्री नसते आणि एकदा आत घातली की जास्त झालं म्हणून काढताही येत नाही. आणि जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. मी दोन आठवडे एका वहीत लिहिलं होतं, रात्री कितीदा उठले, वाफा किती, कुठले सांधे, काय विसरले, आणि ते एका पानावर काढून नेलं, कारण समोर बसल्यावर आपल्याला काही आठवत नाही, आणि आठवलं तर रडू येतं. जमलं तर सोबत कोणाला तरी न्या. माझा नवरा आला होता तिसऱ्या व्हिजिटला, परत येताना गाडीत बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, मला वाटलं होतं तुला माझा कंटाळा आलाय.

मध्यंतरी थोडं वाचलं तर कळलं की हा घोळ काही आजचा नाही. १८७२ साली अमेरिकेत रॉबर्ट बॅटी नावाच्या डॉक्टरने बायकांच्या चांगल्या धडधाकट ओव्हरी काढायचं ऑपरेशन सुरू केलं, पाळीचे त्रास, फिट्स, एवढंच काय ‘डोक्यावरचा परिणाम’ बरा करायला, आणि ते बरीच वर्षं जोरात चाललं. ओव्हरीतल्या हॉर्मोनचा शोध लागला १९२३ मध्ये. म्हणजे आधी पन्नास वर्षं काढत राहिले आणि मग कळलं त्यात काय होतं. हल्लीच्या काळातलं सांगायचं तर अँजेलिना जोलीने २०१५ मध्ये, ३९ व्या वर्षी, कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या बीआरसीए१ जीनमधल्या दोषामुळे ओव्हरी आणि नळ्या काढल्या, तिच्या धाडसाची चर्चा सगळीकडे झाली. पण तिने स्वतः लिहिलं होतं की आता मला मेनोपॉज आलाय आणि मी इस्ट्रोजेनचा पॅच लावते, ते किती जणींच्या लक्षात राहिलं? माझ्या तर नाही राहिलं, मी ती बातमी तेव्हा वाचली होती.

तर माझं मागणं एवढंच आहे, आणि यासाठीच हा सगळा पसारा. ज्या बाईच्या दोन्ही ओव्हरी पाळी जायच्या आधी काढल्या तिच्या डिस्चार्ज कार्डावर टाक्यांच्या तारखेच्या खाली अजून एक ओळ असावी: दोन्ही ओव्हरी काढल्या आहेत, वय इतकं, हॉर्मोन सुरू केले किंवा या कारणासाठी केले नाहीत, पुढे कोणाकडे आणि कधी दाखवायचं. बस, एका ओळीचं काम आहे. ती ओळ असती तर त्या रात्री दीडला फोन उचलणाऱ्याला कळलं असतं, हृदयाच्या डॉक्टरांना कळलं असतं, मला कळलं असतं. आणि सहीच्या आधी फॉर्मवरच्या अक्षरांचा अर्थ बाईला कळेल अशा शब्दांत सांगावा, ‘पिशवी’ म्हणून उरकू नये. तुम्ही एखाद्या मेनोपॉजच्या जाणकार डॉक्टरांना गाठून ऑपरेशनच्या आधी काय विचारायचं यावर पुरवणीत लिहायला सांगितलंत तर फारच बरं होईल, मी तो अंक दहा जणींना देईन.

जाता जाता. माझ्या धाकट्या नणंदेचं दोन महिन्यांपूर्वी फायब्रॉइडसाठी, म्हणजे गर्भाशयातल्या गाठींसाठी, ऑपरेशन ठरलं, वय ४४, ओव्हरी सोनोग्राफीत चांगल्या. तिने फॉर्मचा फोटो मला पाठवला, तीच तीन अक्षरं. मी म्हटलं सही करायच्या आधी विचार. ती विचारायला गेली तर सर्जन म्हणाले, या वयाला काढूनच टाकतो, पुढे कॅन्सर नको. तिने विचारलं, घरात कोणालाच ब्रेस्टचा नाही, ओव्हरीचा नाही, तरी? त्यांनी, खरंच कौतुक आहे त्यांचं, बसवून घेतलं, माहेरच्या-आजोळच्या सगळ्यांची माहिती विचारली आणि म्हणाले ठीक आहे, पिशवी आणि फक्त नळ्या काढू, कारण ओव्हरीचे म्हणतात ते बरेच कॅन्सर मुळात नळीत सुरू होतात, आणि ओव्हरी ठेवू. फॉर्म बदलला. ऑपरेशननंतर चौथ्या रात्री मला काही झोप येईना, शेवटी साडेअकराला तिला फोन लावलाच, कशी आहेस, घाम वगैरे येतोय का, झोप लागते का. चार रिंगनंतर उचलला आणि म्हणाली, “काय वहिनी, लागली होती ना आत्ता!”

आपली,
एक वाचक
(नाव छापू नये ही विनंती)